लिपलेली भेग

मेडशीजवळच्या तांड्यात रामीबाईसारखी भिंत लिपणारी दुसरी बाई नव्हती. माती, शेण आणि भुसा कालवून तिने हात फिरवला की जुनी चीर शोधूनही सापडत नसे. लग्न कोणाच्याही घरचं असो, भिंती रामीबाईच्याच. जन्मभर तिने हेच कौतुक ऐकलं, आणि याच कौतुकाने तिचा घात केला.

जुलैतल्या एका सकाळी जमीन हलली. भूकंपाचं मूळ हिंगोलीकडे होतं म्हणे. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली, बोट आत जाईल एवढी. त्याच भिंतीशी तान्ह्या नातीचा पाळणा. मुलगा किशन पुण्याला, दुसऱ्यांच्या भिंती बांधायला. ही भिंत नवी करायची तर सरकारी मदत हवी, आणि मदतीसाठी पंचनामा.

उद्या साहेब येणार, असा निरोप आला. साहेब येणार म्हटल्यावर घर कसं असावं, हे रामीबाईला कोणी शिकवायला नको होतं. पहाटे उठून तिने अंगण सारवलं आणि हातासरशी भेगही लिपून टाकली.

साहेबांनी चहा घेतला, भिंत पाहिली. "भेग कुठे आहे?"

"तिथंच हाय ना साहेब. तुमी येऊन राह्यले म्हणून सकाळीच लिपली."

साहेब हसले. "आजी, जमिनीच्या पोटात मोठी भेग असते, तिथले खडक सरकले की वर हादरा बसतो. ती काही मला दिसत नाही. निदान घरातली तरी दिसू द्यायची!"

रामीबाईने खुरपं आणलं आणि ओला लेप खरवडून काढला. "पाहा आता."

"हे तर तुम्हीच उकरलं. मी काय लिहू?"

शिकल्यासवरल्या माणसाला ओली माती कळू नये? कळली होती हो, चांगली कळली होती. पण कागदावर ओल्या मातीसाठी रकाना नव्हता. 'भिंत लिपलेली, नुकसान नाही' एवढं लिहून साहेब गेले.

त्याच दिवशी रामीबाईने पाळणा ओसरीत नेला आणि स्वतःची बाज भिंतीपाशी ओढली.

"आत्याबाई, तिथं काहून झोपता?" सून चंदा घाबरली.

"मंग कुठी झोपू? घर केवढं हाय आपलं?"

काही महिन्यांनी पुन्हा हादरा बसला आणि भिंत तिच्या अंगावर आली. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. लिपण्याचा तोच हात.

साहेब पुन्हा येणार म्हणताच चंदाने सवयीने झाडू उचलला. बाजेवरून रामीबाई ओरडली, "ठेव थो झाडू! पडलं तसंच पडू दे."

रामीबाईच्या दारी कोणी यावं आणि अंगण सारवलेलं नसावं, असं पहिल्यांदाच घडलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तिने तोंड फिरवलं. साहेबांनी मात्र या खेपेला काही विचारलं नाही, सगळं भराभर लिहून घेतलं.