चार बोटांचा खेळ

आमची गाडी जुन्या घडणीची. गोल दिवे, आणि गिअरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगच्याच मानेला. भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे, आणि पस्तीस वर्षं यांनी त्याच गाडीत गुंड-गंगाळं भरून पवनी, अड्याळ, लाखांदूर केलं. पुढे बसत ते हे आणि मी. मागची सीट भांड्यांची, नाहीतर पोरांची.

मागल्या वर्षी हे न्हाणीत घसरले आणि उजवा खांदा मोडला. डॉक्टरांनी आत पट्टी बसवली, पण हात छातीच्या वर जाईना. जेवण जमे, दाढी डाव्या हाताने कशीबशी होई. गाडी मात्र जमेना. त्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे जात्यासारखं जड. एकदा अंगणातच फिरवायला बसले, घामाघूम होऊन उतरले आणि किल्ली खिळ्याला अडकवली. त्या दिवसापासून माणूस बोलायचाच कमी झाला. दुकानात जात, गल्ल्यावर बसत, गिऱ्हाइकाने काही विचारलं की माझ्याकडे पाहत. मी मनात म्हटलं, यांचा खांदा काही आता नवा होत नाही, पण गाडी तर हलकी करता येईल ना?

तर मी गेले मिस्त्रीकडे. तो म्हणाला, काकू, जुना स्टिअरिंग बॉक्स काढून टाकू, रॅक बसवू. म्हणजे काय, तर दाते असलेली एक सरळ लोखंडी दांडी गाडीत आडवी बसते आणि तिच्यावर एक छोटं दातेरी चाक फिरतं. स्टिअरिंग जरासं वळवलं की दांडी सरकते आणि चाकं वळतात. आजकालच्या गाड्यांना तेच असतं, एका बोटाने फिरतं. नागपूरच्या कबाड्याकडून छोट्या गाडीचा रॅक आणतो म्हणाला. मी हो म्हटलं. हे तेव्हा खांद्याच्या व्यायामासाठी नागपूरला लेकीकडे होते, तीन आठवडे. मला वाटलं, परत येतील तेव्हा चकितच करू.

मिस्त्रीचीही ती पहिलीच वेळ. स्टिअरिंगची मान कापली, जोड दिला, रॅकसाठी पट्ट्या वेल्ड केल्या. आणि रॅक बसवला उलटा! डावीकडे फिरवलं की चाकं उजवीकडे. मिस्त्री गाडी बाहेर काढायला गेला आणि स्वतःच्याच टिनाच्या कुंपणात घुसला. मी पोट धरून हसले. "काकू, हे कोणाले सांगजा नोको," म्हणाला. मग पुन्हा सगळं खोललं, सुलटं बसवलं. जुना बॉक्स तिथेच तेलात पडला होता. काय करू याचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भंगारात घाल, यांच्या नजरेस पडला तर पुन्हा तोच बसव म्हणतील.

हे आले. मी काही न बोलता किल्ली हातात दिली आणि म्हटलं, बसून तर पाहा. बसले, फिरवून पाहिलं. एका हाताने फिरलं. माझ्याकडे वळून असे हसले, की वर्षभराचं सगळं फिटलं असं मला वाटलं.

आम्ही अड्याळच्या रस्त्याला लागलो. आता तुम्हाला सांगते, जुन्या स्टिअरिंगमध्ये चार बोटं खेळ होता. चार बोटं फिरवेपर्यंत गाडीला त्याचा पत्ताच नसे. म्हणून यांचे हात सरळ रस्त्यावरही सारखे थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे चालत. नव्या माणसाला वाटे, हा डुलक्या घेतो काय. पण गाडी सुतासारखी सरळ जाई. आता हात तसेच चालले, आणि गाडी प्रत्येक वेळी वळायला लागली. इकडे झोक, तिकडे झोक. समोरून धानाचा ट्रॅक्टर आला, यांनी सावरायला म्हणून जुन्या हिशोबाने फिरवलं आणि आम्ही रस्ता सोडून थेट धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात. लागलं कोणालाच नाही.

यांनी गाडी बंद केली. हात अजून स्टिअरिंगवरच.

"हिच्यात खेळच नाही राहिला," म्हणाले.

मी म्हटलं, "सवय होईल ना, आठ दिवसांत होईल."

"आठ दिवसांत? पस्तीस वर्षं झाले मले हिच्यासंगं." आणि मग, रागाने नाही बरं, अगदी हळू, "मले इचारलं काहून नाही तू?"

चकित करायचं होतं, हे काय उत्तर आहे?

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेले. जुना बॉक्स वितळायला गेला होता. मग म्हटलं, बाबा, रॅकमध्येच थोडा खेळ देता येईल का? तो बिचारा माझ्याकडे पाहतच राहिला. "काकू, खेळ आला म्हनून लोक माह्याकडे दुरुस्तीले आनतेत. मी मुद्दाम कसा देऊ?"

यांनी पुन्हा किल्ली हातात घेतली नाही. मी खूप म्हणून पाहिलं, रिकाम्या मैदानात सराव करू म्हटलं. "राहू दे," एवढंच.

आता अड्याळला जायचं तर ड्रायव्हर बोलावतो. पहिल्या दिवशी मी यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. हे मागच्या सीटवर, ड्रायव्हरच्या पाठीमागे बसले. अड्याळला पोचलो, मी पुढून उतरले, ड्रायव्हर उतरला, हे आतच. त्या मागच्या दाराची एक खोड आहे, आतून कडी वर ओढून खांद्याने धक्का द्यावा लागतो. आमच्या पोरांना ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. काचेतून माझ्याकडे पाहत बसले होते. मी फिरून गेले आणि बाहेरून दार उघडलं.