कोऱ्या पाण्याची बाटली

भातखाचरातला चिखल भरून झाला की मावशी ती बुडबुडणारी बाटली कानाला लावायच्या. "बोलतोय बगा, साहेब. लय पोट बिगडलंय ह्याचं." तुम्ही असता तर माझ्यासारखेच हसला असता.

त्या चिखलात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या जनुकाच्या प्रती यंत्रात वाढवून त्यांची संख्या काढायचो. चिखल आणायच्या जवळच्या कुरवंडे गावच्या मावशी. आम्ही बांधावरून वाकायचो. त्या पदर खोचून थेट मधोमध उतरायच्या. "कडंला हुबं ऱ्हाऊन काय घावणार तुमाला? या की खाली!"

चिखलाच्या बाटल्यांबरोबर शुद्ध पाण्याची एक बाटली शेतावर जायची. मावशींनी ती तिथं उघडायची, बंद करायची आणि परत आणायची. यंत्रात ते पाणी कोरं दिसलं पाहिजे, म्हणजे बाहेरून काही मिसळलं नाही हे कळतं. एकदा त्यातच जनुक सापडलं. भरपूर. पुण्याहून तपासणीला आलेले अधिकारी समोर बसले होते. मी म्हणालो, "मावशींकडून झाकण ढिलं राहिलं. आत चिखल गेला."

मावशी दारातच होत्या. "माजं चुकलं आसंल तर दाखवा, साहेब. गावात काय सांगू, झाकण लावता येत न्हाई म्हून कामावनं काडलं?"

मी काही दाखवलं नाही. त्यांना कामावरून काढलं.

पंधरा दिवसांनी, शेतावर कधीच न गेलेलं आमचं पाणी तपासलं. तेही तसंच निघालं. यंत्रातून काढलेल्या नळ्या मी ज्या टेबलावर उघडायचो, तिथंच पाण्याच्या बाटल्या भरायचो. वाढवलेलं जनुक माझ्याच हातानं पाण्यात गेलं होतं. मी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं, टेबल बदललं. अहवालात मावशींचं ढिलं झाकण तसंच राहू दिलं. तेव्हा काही वाटलंही नाही.

गेल्या महिन्यात कुरवंड्याला गेलो. मावशी वारल्या होत्या. त्यांची सून ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"तुमीच का ते बाटल्यांचं साहेब? आत्याबाई म्हणायच्या, माज्याकडनंच ऱ्हायलं आसंल ढिलं, साहेब कशाला खोटं बोलतील? पार शेवटपातूर डबा लावला की दोनदा बघायच्या."

"त्यांचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी होती."

तिचा हात थांबला नाही.

"मग त्या असताना यायचं हुतं."

तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. चहा घेणार का, असं कुणी विचारलं नाही.