टेकाडाला कुदळ लावायची नाही

रूबन मेडमेंट सव्वीस वर्षं त्या टेकाडाचा राखणदार होता, आणि तोही फुकट. इंग्लंडातल्या आमच्या डॉर्सेटच्या माळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मेलेल्या माणसांवर रचलेला तो मातीचा ढीग. सरकारने तो संरक्षित ठरवला आणि रूबनने ते फारच मनावर घेतलं. कुणी तंबूची खुंटी ठोकायला लागलं, की हा काठी घेऊन हजर. लोक हसायचे. हसू देत, माणूस सरळ होता.

एका शनिवारी त्याची कुत्री नेटल सशामागे टेकाडातल्या बिळात घुसली आणि आत अडकली. बायको गेल्यापासून रूबनला घरात तेवढीच सोबत होती. जमिनीला कान लावला की तिचं केकाटणं ऐकू यायचं, जेमतेम अडीच हात खालून.

शेजारची आयव्ही थर्मास घेऊन वर आली. "अरे, खण की! कोण बघतंय इथे?"

"परवानगी लागते, आयव्ही."

"डोंबल तुझी परवानगी! मरेल ना ती!"

"सोमवारी पुरातत्त्वाचं ऑफिस उघडेल." रूबन बिळापाशी आडवा झाला. दोन दिवस तो बिळात हात खुपसून मटणाचे तुकडे आत सरकवत राहिला. "आहे गं मी, इथेच आहे," म्हणत राहिला. रविवारी संध्याकाळी केकाटणं अगदी बारीक झालं.

सोमवारी फोनवरची बाई गोड बोलली. अर्ज पाठवते म्हणाली, गुरुवारी साहेब येऊन बघतील म्हणाली. रूबनने फोन आपटला, कुदळ उचलली आणि एकाहत्तराव्या वर्षी चढावर धावत सुटला. खणताना तो हुंदके देत होता. खडूसारखी पांढरी माती निघाली, मग नेटल निघाली. अंग गार पडलं होतं.

कुंपणापाशी त्याचा मेहुणा क्लेम उभा होता. अकरा वर्षांपूर्वी क्लेमच्या नांगराने टेकाडाची कड कापली, तेव्हा रूबननेच तक्रार करून त्याला कोर्टात उभं केलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता तो वर आला, अंगातलं जाकीट काढून त्याने कुत्रीला गुंडाळलं.

"मी खणलं म्हणून सांग," क्लेम म्हणाला. "तिथे माझं नाव खराबच आहे."

"नको. खणलं ते मीच सांगेन त्यांना," रूबन म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. "पण शनिवारी नाही खणलं, ते कुणाला सांगू रे?"