पुळण विचारायला आलेली वसुधा

वसुधा कुणाच्याही घरी गेली की चपला काढता काढताच विचारायची, "तुमच्याकडे याला काय म्हणतात हो?" मग ती दाराची कडी असो नाहीतर ताटातली चटणी. दादरला एका शब्दकोशाच्या कामावर आम्ही दोघी शेजारी बसायचो. एम.ए.ला पहिली आले मी, आणि सगळ्यांच्या तोंडी नाव हिचं. "कोशात शब्द झोपलेला असतो गं. जागा बघायचा तर चहाला जावं लागतं," असं म्हणून ती दुपारची पसार व्हायची.

'पुळण' माझ्या वाट्याला आला होता. मी तो एका बैठकीत उरकला: संस्कृत 'पुलिन'वरून, पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा वाळूचा काठ. वसुधाने वाचून मान डोलावली. "मूळ बरोबर आहे. पण तुझी आई वेंगुर्ल्याकडची ना? तिला विचारलंस?"

मी कशाला विचारू? आई रोज घरातच होती.

रविवारी बाईसाहेब आमच्या फणसवाडीच्या खोलीत हजर. "काकू, पुळण कुठून सुरू होते?"

भाजी निवडणारी आई थांबली. "सगळी रेंव म्हणजे पुळण नाय गो. भरतीचा पाणी येऊन मागे सरता ना, थंयची. थंयच रापण ओढूक उभे रवतत." रेंव म्हणजे वाळू, आणि रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. आई पदर खोचून ते ओढून दाखवायलाच उठली. "दोराक हात लायलो काय मासळीचो वाटो गावता!" लहानपणी ती दोराला नुसती लोंबकळायची आणि परकराच्या ओच्यात बांगडे घेऊन घरी पळायची. सांगताना इतकी हसली! तिचं हे हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

मग वसुधा दर रविवारी यायला लागली. बांगड्याचा मधला तुकडा तिच्या पानात, शेपटी माझ्या. मी कुरकुरले की आई म्हणायची, "तुका काय गो, रोजच गावता." आणि वसुधा बोटं चाटत, "तुझी आई म्हणजे खजिना आहे हं!" जणू मला ठाऊकच नव्हतं. नव्हतंच ठाऊक, तेच झोंबायचं.

गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि वसुधा गेली. आईला मीच सांगितलं. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "आता माका कोण विचारतला गो?"

मी समोरच बसले होते. मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. मी जळले, अगदी मनापासून.