बडबडं मॉड्यूल आणि मार्थाताईंचा मेमो

“बॉक्स तुमचा ठणठणीत आहे हो, आमची बाईच त्याच्या खोड्या काढते,” असं म्हणत शुगर फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांनी मला सीसीटीव्ही दाखवला. दर वेळी तेच चित्र. वजनकाट्याचं नेटवर्क बंद, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि काट्यावरच्या मार्थाताई गायकवाडांचा हात आमच्या बॉक्समध्ये. ताईंना मेमो मिळाला होता. शनिवारपर्यंत खुलासा पटला नाही, तर नोकरी गेली.

हा नेटवर्कचा बॉक्स आमच्या सुप्याच्या कंपनीचा. त्यातला ड्रायव्हर मी लिहिलेला. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषा. या बॉक्समध्ये बोटाएवढं एक मॉड्यूल खोचतात, त्याला फायबरची वायर जोडतात; मॉड्यूलमधला लेसर त्या वायरीतून डेटा पाठवतो.

दोन तास सीसीटीव्ही बघून झाल्यावर मी ताईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, मी हात लावते ते बंद पडल्यावर. आदी न्हाई. काडून परत घातलं की चालू हुतं. रांग कोन बघनार मग?”

काढून घातलं की चालू होतं, हे ऐकून मी लॅपटॉप उघडला. कारण तसं माझ्याच कोडमध्ये लिहिलंय. मॉड्यूलला एक पिन असते, फॉल्टची. लेसर बिघडला की त्यावर सिग्नल येतो. ड्रायव्हर मॉड्यूल पुन्हा सुरू करून बघतो. पाचदा तक्रार आली की कायमचं बंद करतो. उपसून परत खोचलं की मोजणी पहिल्यापासून.

लेसर तपासला, तर उत्तम. मग फॉल्टच्या पिनला लॅपटॉप जोडून बघितला. यंदा आमच्याच पर्चेसवाल्यांनी मॉड्यूलचा मेक बदलला होता, आम्हाला न विचारता. या नव्या शहाण्याने फॉल्टची पिन स्वतःच्या गप्पांसाठी वापरली होती. आता हे केलं, आता ते करतोय, असे टेस्टिंगचे मेसेज. मधूनच हुक्की आली की बडबड सुरू. माझा ड्रायव्हर प्रत्येक शब्दाला बोंब समजायचा.

अशा नगांची ड्रायव्हरमध्ये एक यादी असते. क्वर्क म्हणतात. मॉड्यूल स्वतःचं नाव सांगतं, नाव यादीत असलं की त्याच्यापुरता नियम बदलायचा. मी चार ओळी घातल्या: याच्या फॉल्ट पिनकडे लक्ष देऊ नये. दोन दिवस नेटवर्क एकदाही पडलं नाही.

मग माझ्या बॉसचा, शिंदेसाहेबांचा फोन. “रिपोर्टमध्ये मॉड्यूल खराब एवढंच लिही. ड्रायव्हरचा विषय नको.”

“तसं लिहिलं तर ते म्हणतील, बाईनेच उपसून उपसून खराब केलं.”

“लिही मग. सही तुझी.”

लिहिलं. मॉड्यूल वाह्यात होतं, पण बंद करायचा निर्णय माझ्या कोडचा होता. सही करताना लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मॅनेजरसाहेबांनी रिपोर्ट वाचला आणि ताईंना बोलावून म्हणाले, “जा, काम करा. विषय संपला.”

ताई हलल्या नाहीत. “साहेब, मेमो कागदावर दिल्ता. संपलेलं बी कागदावर द्या.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा पेन पुढे केला. ताईंनी कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि काट्यावर गेल्या.

यातून मी शिकलो ते एवढंच, की बॉक्सजवळ दिवसभर बसणाऱ्या माणसाला आधी विचारावं. माझे दोन तास वाचले असते. मॅनेजरसाहेबांनी मेमोआधी विचारलं असतं, तर ताईंचा आठवडा वाचला असता.