गरम टॉवेलाखालची कवायत

आमच्या गल्लीत दोन दुकानं समोरासमोर. एक माझं भाजीचं, दुसरं तात्सुझो-सानचं केशकर्तनालय. साठी उलटलेला माणूस, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीमागे उभाच. गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. कात्री डाव्या हाताने सावरत कसाबसा काम उरकायचा. शेवटी बायकोला, फुमिएला, म्हणाला, "वर्षअखेरीस दुकान बंद करू."

फुमिए माझ्याकडे मुळा घ्यायला आली आणि तिथेच रडली. दुकानाशिवाय हा माणूस अंथरूण धरेल, हे तिलाही ठाऊक होतं नि मलाही.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. जमेल तेव्हा दोन-चार मिनिटं हात फिरवा, दिवसातून बऱ्याचदा.

"वेळ कुठाय?" तात्सुझो म्हणाला. "गिऱ्हाईक खुर्चीत आणि मी हातपाय झाडतोय, शोभेल का?"

"नाही, दाराला टाळंच शोभेल," मी म्हणाले. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

वेळ फुमिएनेच शोधला. दाढीआधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवतात ना, तेवढ्यात हा रिकामाच असतो. पण हा पठ्ठ्या चोरासारखा हात फिरवायचा आणि गिऱ्हाईक जरा हललं की वस्तरा पुसायचं सोंग करायचा. असल्या व्यायामाने काय होणार, कप्पाळ! मग तिने सकाळी रेडिओवर लागते त्या कवायतीची धून टेपवर हळू आवाजात लावली.

त्या वेळी खुर्चीत निवृत्त मुख्याध्यापक हिदेहिको होते. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी मैदानात याच धुनीवर आम्ही सगळ्यांनी हात वर केलेत. ती वाजली की हात ऐकतच नाहीत. मास्तरांचे दोन्ही हात अंगावरच्या कापडासकट वर गेले, टॉवेल खाली पडला, आणि आरशात दोघं एकमेकांसमोर, दोघांचे हात हवेत. मी दारात होते. हसून हसून मला खालीच बसावं लागलं.

तात्सुझो वाकून वाकून माफी मागायला लागला.

"माफी कसली मागतोस?" मास्तर म्हणाले. "हात अर्ध्यावर अडकलाय तुझा. माझ्या वर्गात असतास तर बाहेर उभा केला असता. फुमिए-सान, पुन्हा लावा बघू."

त्या दिवशी लाज गेली. मग टॉवेल ठेवला की धून लागायची, गिऱ्हाइकंही बसल्या बसल्या हात हलवायची. खांदा काही लगेच सुटला नाही. थंडी पडली तसा जास्तच ठणकायला लागला, तात्सुझो चिडला आणि एक दिवस टेप बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यानेच मुकाट्याने लावला.

नव्या वर्षाआधी केस कापून घ्यायला सगळी गल्ली लोटते. त्या गर्दीत मी माझ्या नवऱ्याला घेऊन गेले. दुकान बंद होणार का, हे विचारायचा कुणालाच धीर नव्हता. तात्सुझोने कात्री उजव्या हातात धरूनच काम संपवलं, मानेवरचे केस झटकले आणि नवऱ्याला म्हणाला, "पुढच्या वेळी शनिवारी येऊ नका, गर्दी असते. जानेवारीत मंगळवारी या."

फुमिए दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी टॉवेल घेऊन उभी होती. "काय म्हणालात?"

"मंगळवारी म्हणालो. टॉवेल गार होतोय, दे इकडे."

तिने टॉवेल दिला नाही. त्यातच तोंड खुपसून, सगळ्या गल्लीसमोर, ती ढसाढसा रडली.