मागून बसलेल्या गाड्या

विश्रांतवाडीत दिगंबर आणि मी मिळून गॅरेज चालवतो. ग्राहक आपली गाडी घेऊन जातो, पण किस्सा इथंच ठेवून जातो! एअर बॅगांचं काम सुरू केल्यापासून तर विचारू नका.

एअर बॅग म्हणजे अपघातात तोंडावर फुगते ती नव्हे हं. पिकअपला जड ट्रेलर जोडला की तिची मागची बाजू खाली बसते आणि नाक वर जातं. म्हणून मागच्या चाकांजवळ, चासी म्हणजे गाडीचा सांगाडा आणि स्प्रिंगच्या पाट्या यांच्या मधे, रबराच्या दोन जाड पिशव्या बसवायच्या. हवा भरली की गाडी सरळ!

*

पहिला प्रयोग आमच्याच जुन्या पिकअपवर. दिगंबर मूळचा यवतमाळचा. दोन दिवस त्याचा मुक्काम गाडीखालीच. मग वाळूचा ट्रेलर जोडला. गाडी बसली. हवा भरायला घेतली... एक बोट, दोन बोटं, चार बोटं...

"उठली! राजेहो, उठली!" दिगंबर ओरडला.

शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाई धावत आल्या. "आधी बेशुद्ध कोण होतं?"

*

एक फरशीवाले काम बघून भलतेच खूश. "म्हणजे आता दुप्पट माल टाकता येईल!"

"नाही. गाडीची जेवढी मर्यादा आहे, तेवढाच."

"मग या बॅगांचा उपयोग काय?"

दिगंबर हात पुसत म्हणाला, "साहेब, कडक इस्त्रीचा शर्ट घातला म्हणून माणूस पैलवान होतो का?"

*

आयटीतल्या रोहनला घरासारखा ट्रेलर मागे ओढत फिरायचं वेड. बॅगा बसवून गेला आणि तासाभरात फोन. "दादा, स्वारगेटला आहे. गाडी उजवीकडे पूर्ण झुकलीय! राइट बॅग गेली!"

दिगंबरला मागे बसवलं आणि बाइक हाणली. पोचल्यावर त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"रोहन, डावी चाकं फुटपाथवर आहेत. खाली घे."

*

अनघाताई घोडेस्वारी शिकवतात. त्यांचा घोडा बादल ट्रेलरमध्ये चढायचाच नाही. पिकअप बसली की ट्रेलरचंही तोंड खाली जायचं, आतली जमीन तिरकी व्हायची. गूळ झाला, गाजर झालं, चार जणांचा धक्काही झाला. दोन स्पर्धा हुकल्या!

आम्ही हवा भरली, ट्रेलर सपाट झाला. बादलनं एक खूर टेकवून पाहिला, मग दुसरा... आणि सरळ आत! ताईंच्या डोळ्यांत पाणी. "अहो, स्वतःहून गेला!"

संध्याकाळी त्यांचा फोन. "दादा, आता बाहेर येत नाहीये!"

*

आणि कसबा पेठेतले जोगळेकर सर. रिटायर्ड शिक्षक. पिकअपला पुस्तकांचा ट्रेलर जोडून गावोगावी वाचनालय न्यायचे. "माझे हेडलाइट रस्ता सोडून झाडांवरची घरटी बघतात," असं म्हणत आमच्याकडे आले. खरं कारण वेगळं होतं. घाटात एकदा ट्रेलर डुलला, समोरून बस आली, जेमतेम वाचले. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "हे नीट होईपर्यंत वाचनालय बंद." आणि गावातली मुलं तर रोज फोन करायची, पुस्तकं कधी येणार म्हणून!

बॅगा बसवल्या, पुस्तकांचं वजन नीट वाटून रचलं आणि सर, बाई नि मी ट्रायलला निघालो. बोपदेव घाट. वळण आलं. सर स्टिअरिंगवर, मी मागच्या सीटवरून आरशात बघतोय. ट्रेलर मागे अगदी शिस्तीत!

"बघ, बघ! हलत नाहीये!" सर शाळकरी पोरासारखे ओरडले.

घाट संपून मोकळा रस्ता लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबवा."

सरांचा चेहराच उतरला. गाडी बाजूला घेतली. बाई उतरल्या, वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आल्या.

"सरका."

"अगं, तुला गाडी कुठे येते?"

बाईंनी पर्समधून लायसन्स काढून दाखवलं.

सर सरकले. "तू... शिकलीस कधी?"

"वाचनालय बंद पडल्यावर तुम्ही रोज मागची चाकं बघत बसायचात ना, तेव्हा," म्हणत बाईंनी आरसा नीट केला आणि पहिला गिअर टाकला.